गळतीचा कानोसा

पाणचक्की पाहायला येणारा पर्यटक दोन गोष्टी बघून परत जातो. भिंतीवरून कोसळणारं पाणी आणि त्या पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं. गाईड सांगतो, मलिक अंबरने नहर आणली. लोक फोटो काढतात, वडाच्या सावलीत कुल्फी खातात आणि बीबी का मकबऱ्याकडे निघतात. पण या जागेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट फारसं कुणी विचारात घेत नाही. समोर जो लांबलचक हौद दिसतो, त्याचा तळ म्हणजे खाली असलेल्या एका मोठ्या दालनाचं छत आहे. जाड खांबांवर पेललेलं दालन, आणि त्याच्या डोक्यावर शेकडो टन पाणी. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये येणारे फकीर, मुसाफिर आणि विद्यार्थी यांच्यासाठी ही जागा होती.

ज्याने डोक्यावर हौद आणि खाली माणसं अशी रचना केली, त्याला आपल्या चुन्याची पूर्ण खात्री असली पाहिजे. आणखी एक गोष्ट त्याच्या पथ्यावर पडत होती. अशा हौदाला गळती लागलीच, तर ती लपून राहणार नव्हती. पहिला थेंब खाली बसलेल्या माणसाच्या खांद्यावरच पडला असता.

गळतीबद्दलचा सगळा इतिहास या एका वाक्यात सांगता येतो. पाणी गळतंय हे कळायला कुणीतरी तिथे असावं लागतं. आज बाजारात तळहाताएवढी चकती मिळते. सिंकखाली किंवा वॉशिंग मशीनच्या मागे ठेवली की जमिनीवर पाणी आल्याबरोबर ती मोबाइलवर इशारा देते. तिला 'स्मार्ट' सेन्सर म्हणतात. या चकतीमागे बगदाद, औरंगाबाद आणि लिव्हरपूल अशा तीन शहरांतून आलेला एक जुना प्रश्न आहे. तिथे कुणी नसेल, तर पाण्यावर लक्ष कुणी ठेवायचं?

दोन शत्रू, एकच पाणी

मलिक अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. गुलाम म्हणून विकला जात तो बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली. हीच खडकी पुढे औरंगजेबाच्या काळात औरंगाबाद झाली, आणि आता कागदोपत्री छत्रपती संभाजीनगर आहे. खडकीजवळून वाहणारी खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. नाव खडकी, जमीनही खडकाळ. अशा ठिकाणी राजधानी करायची तर पाणी आधी लागतं.

मलिक अंबरने ते उत्तरेच्या डोंगरांतून आणलं. धरण बांधून अडवलेलं हे पाणी नव्हतं. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भूमिगत बोगद्यात झिरपू द्यायचं, बोगद्याला बेताचा उतार द्यायचा आणि ते पाणी आपल्याच वजनाने शहरापर्यंत येऊ द्यायचं. ठरावीक अंतरावर माणूस उतरू शकेल अशी तोंडं ठेवायची. शहरात आल्यावर ते मातीच्या भाजलेल्या नळांतून, चुन्याच्या बांधकामात गाडून, मोहल्ल्या-मोहल्ल्यांतल्या हौदांपर्यंत न्यायचं. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यामागून शहरात डझनभर नहरी झाल्या. पाणचक्कीची त्यांतलीच एक, थत्ते हौदाला पाणी देणारी दुसरी.

गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत, १६१५च्या आसपास, बुऱ्हाणपुरात कुंडी भंडाऱ्याचं काम सुरू होतं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी तसंच जमिनीखालून, एकामागून एक विहिरींसारख्या कुंड्या जोडत शहरात आणलं गेलं. तिथला मोगल सुभेदार होता अब्दुर्रहीम खान-ए-खानान, म्हणजे हिंदी वाचकांचा रहीम. हाच रहीम वर्षानुवर्षं मलिक अंबरशी लढत होता. रणांगणात एकमेकांचे वैरी असलेले हे दोघे पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी होते. ती शाळा इराणची. तिथे अशा भूमिगत वाटेला कनात म्हणत.

या विद्येवर ग्रंथही होते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-करजी नावाच्या गणितज्ञाने 'इन्बात अल-मियाह अल-खफिय्या' लिहिला. नावाचा अर्थ साधारण 'दडलेली पाणी वर काढणं' असा. बीजगणितात मोठं नाव असलेला हा माणूस जमिनीची पातळी कशी मोजावी, बोगदा कसा खणावा आणि सांभाळावा, नळ कसे बसवावेत हे बारकाईने सांगतो. त्याचा ग्रंथ खडकीत कुणी वाचला होता, असं मी म्हणणार नाही. पण पाणी शोधणं आणि शोधलेलं पाणी वाटेत हरवू न देणं ही एकाच विद्येची दोन अंगं आहेत, हे त्या परंपरेला पक्कं ठाऊक होतं.

मनोरे कशासाठी?

औरंगाबादच्या जुन्या भागात फिरताना मध्येच एखादा उंच, जाड, बिनखिडक्यांचा चौकोनी खांब दिसतो. विजापुरात असे अनेक आहेत, तिथे त्यांना गंज म्हणतात. आदिलशाहीत तोरवीकडून आणि पुढे १६५१च्या बेगम तलावातून येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर ते उभे आहेत. इस्तंबूलमध्येही असे मनोरे आहेत. तिथलं त्यांचं नाव फार बोलकं आहे, 'सु तेराझिसी', म्हणजे पाण्याचा तराजू.

पुष्कळांना वाटतं, ही पाण्याची टाकी असेल. टाकीचं काम ते थोडंफार करतातही, पण मुख्य काम वेगळं आहे. उंचावरून बंद नळातून पाणी खाली येत गेलं की दर दहा मीटर उताराला नळावरचा दाब वातावरणाच्या दाबाइतका वाढतो. लोखंडी नळ तो सोसतो. मातीच्या नळाचे सांधे सोसत नाहीत, ते उघडतात. म्हणून वाटेत मनोरा बांधायचा. पाणी एका बाजूने वर चढतं, माथ्यावर उघड्या कुंडात येतं, दाब मोकळा होतो, अडकलेली हवा निघून जाते, गाळ खाली बसतो आणि मग दुसऱ्या बाजूने पाणी पुढच्या टप्प्याला उतरतं. गळती लागल्यावर शोधण्यापेक्षा ती लागूच नये, याची ही तजवीज होती.

त्यात आणखी एक सोय आपोआप होते. मनोऱ्याच्या माथ्यावर पाणी उघडं दिसतं. एका मनोऱ्यात पाणी नेहमीच्या पातळीला आहे आणि पुढच्या मनोऱ्यात उतरलंय, तर बिघाड या दोघांच्या मधे आहे. सगळी वाट खणायची गरज नाही, तेवढाच तुकडा तपासायचा. आज शहरातल्या नळजाळ्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मीटर बसवतात, त्यामागे हेच तर्कशास्त्र आहे.

पण मनोरा पाहायला माणूस लागतो. इस्तंबूलमध्ये या माणसांना 'सुयोल्जू' म्हणत, म्हणजे पाण्याच्या वाटेवरची माणसं. सोळाव्या शतकात सिनानने तिथली मोठी पाणीयोजना उभी केली. वास्तुविशारद म्हणून त्याचं नाव जगाला माहीत आहे. पण नळांची देखभाल या सुयोल्जूंच्या पिढ्यांनी केली. पाण्याच्या वाटेला लागून घर बांधू नये, झाड लावू नये, असे हुकूम तिथे निघत. मुळं पाण्याच्या वासाने सांध्यात शिरतात, हे त्यामागचं कारण. हा नियमही जुनाच. रोममध्ये इसवी सनापूर्वी ११ साली झालेल्या ठरावानुसार जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा फूट आणि भूमिगत वाहिनीच्या बाजूंना पाच-पाच फूट जागा मोकळी ठेवावी लागे. ही माहिती आपल्यापर्यंत आली ती फ्रॉन्टिनसमुळे. इसवी सन ९७मध्ये तो रोमचा पाणी-अधिकारी झाला आणि त्याने पहिलं काम केलं ते हिशेबाचं. आत किती पाणी येतं, नोंदवहीत किती आहे, वाटलं किती जातं? आकडे जुळेनात. त्यातून त्याला गळती सापडली, चोरीही सापडली. रस्त्यांखालून गुपचूप जोडलेले नळ निघाले.

आमच्या नहरींना असं पाच फुटांचं संरक्षण मिळालं नाही. त्यांच्यावर रस्ते झाले, इमारती झाल्या, कुणी तोंडं बुजवली, कुणी त्यात सांडपाणी सोडलं. एखाद्या बांधकामाच्या पायाभरणीत जेसीबीचं पातं नहरीत घुसतं, स्वच्छ पाणी उसळून वर येतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी होते. चारशे वर्षांनीही तिथे पाणी होतं, याचं आश्चर्य व्यक्त होतं. मग खड्डा बुजतो.

भोक हवं आणि भोक नको

सेन्सरकडे येण्याआधी बगदादला जाऊन यायला हवं. नवव्या शतकात तिथे मुहम्मद, अहमद आणि हसन असे तीन भाऊ होते. इतिहासात त्यांना बनू मूसा म्हणतात. खलिफांच्या दरबाराशी जोडलेले हे गणितज्ञ. त्यांचा 'किताब अल-हियल' साधारण ८५०चा. त्यात सुमारे शंभर करामती यंत्रं आहेत. बरीचशी मौजेची. पण त्या मौजेत एक गंभीर कल्पना आहे. भांड्यातलं पाणी एका पातळीपर्यंत आलं की तरंगणारा गोळा वर येतो आणि झडप बंद करतो. पातळी उतरली की गोळा खाली जातो आणि झडप उघडते. माणूस जवळ नसताना पाण्यानेच पाण्यावर पहारा ठेवायचा.

आपल्या घरातल्या फ्लशच्या टाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत जो बॉलकॉक असतो, तो याच कल्पनेचा. १२०६मध्ये अल-जझरीने आपला ग्रंथ पूर्ण केला, त्यात अशी पाण्यावर चालणारी घड्याळं आहेत. त्यातल्या हत्तीच्या घड्याळाचं चित्र अनेकांनी पाहिलं असेल. हत्तीच्या पोटातल्या हौदात तळाला बारीक भोक पाडलेलं भांडं तरंगतं, हळूहळू भरतं, ठरल्या वेळी बुडतं आणि वरची सारी यंत्रणा हलते. हे भांडं आपल्याला परकं नाही. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडत. तेही तळाला भोक असलेलं. घटिका भरली, म्हणजे ठरल्याप्रमाणे गळून झालं.

भोक हवं तिथे, हवं तेवढं असलं की घड्याळ होतं. नको तिथे असलं की गळती होते. दोन्हींत मोजणी एकच आहे, किती वेळात किती पाणी. पुढच्या शतकांत गळती शोधण्याची जी पद्धत निघाली, ती याच मोजणीवर उभी राहिली.

लिव्हरपूलची रात्र

१८७३मध्ये लिव्हरपूलचे अभियंते जॉर्ज डीकन यांनी एक मीटर तयार केला. त्या शहरात पाण्याची इतकी नासाडी होत होती की चोवीस तास पुरवठा करणं परवडेना, पाणी ठरावीक वेळ सोडायचे. नवीन स्रोत शोधायचा की आहे ते पाणी जातं कुठे ते शोधायचं, असा पेच होता. डीकन यांचा मीटर मोहल्ल्याच्या मुख्य नळावर बसायचा. आतल्या निमुळत्या नळीत एक तबकडी प्रवाहानुसार वरखाली व्हायची, तिला जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या चाकावर फिरणाऱ्या कागदावर रेघ काढायची. दिवसा रेघ वरखाली नाचायची. रात्री मोहल्ला झोपला की रेघ खाली यायला हवी. ती शून्यापर्यंत न येता वरच राहिली, तर तेवढं पाणी कुणीही वापरत नसताना वाहत आहे.

मग रात्रीच्या शांततेत माणसं निघायची. प्रत्येक घराच्या नळाचा कॉक बंद करण्याची लांब चावी त्यांच्या हातात असे. चावीचं एक टोक कॉकवर, दुसरं कानाला. गळतीतून पाणी दाबाने निसटताना सूं आवाज करतं आणि तो आवाज धातूतून चावीपर्यंत येतो. कॉक बंद केला आणि आवाज थांबला, तर गळती घराच्या आत. थांबला नाही, तर बाहेर. कुठल्या घराचा कॉक बंद केल्यावर रेघ किती खाली आली, हे सकाळी कागदावर दिसायचं. गळत्या दुरुस्त होत गेल्या आणि नवा स्रोत येण्याआधीच लिव्हरपूलला पुन्हा चोवीस तास पाणी देणं शक्य झालं.

हा कान आजही निवृत्त झालेला नाही. मुंबईत १८६०मध्ये विहार, १८७९मध्ये तुळशी आणि १८९२मध्ये तानसाचं पाणी आलं. तेव्हापासून वाढत गेलेल्या जाळ्यावर कान लावून फिरणारी माणसं अजूनही आहेत. नंतर कानाला यंत्राची जोड मिळाली. नळाच्या दोन टोकांना दोन मायक्रोफोन लावायचे. गळतीचा आवाज जवळच्या टोकाला आधी पोहोचतो, लांबच्या टोकाला नंतर. लोखंडी नळात आवाज सेकंदाला हजार मीटरहून वेगाने जातो. दोन आवाजांतल्या वेळेचा फरक मोजला की गळतीची जागा काढता येते. प्लास्टिकच्या नळात मात्र आवाज मंदावतो आणि विरतो, म्हणून तिथे काम अवघड होतं.

आमच्याकडे अडचण त्याहून मूलभूत आहे. डीकन यांच्या रात्रीला नळात पाणी होतं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, तास-दोन तास. उरलेला वेळ नळ कोरडा. कोरडा नळ आवाज करत नाही. उलट त्याच भोकातून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि पुढच्या पाळीला ती पहिल्या पाण्याबरोबर घरात येते. पाणी आलं की लाइनमनला कानोसा घ्यायला वेळ नसतो, कारण तेव्हा सगळा मोहल्ला त्याच्याभोवती असतो. हे पाणी पैठणहून, सुमारे ५० किलोमीटरवरून, वीज जाळून वर चढवलेलं असतं. नहरीचं पाणी उताराने फुकट येत होतं, तरी त्याची गळती सहन केली जात नव्हती. वीजबिल भरून आणलेलं पाणी रस्त्यावर वाहतं आणि आपण त्यातून स्कूटर काढतो.

छत रोती है

आता घरात येऊ. आम्ही राहतो ती चार मजली इमारत. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या खालच्या मजल्यावरच्या खालांच्या न्हाणीघराच्या छताला ओल धरली. त्यांनी जिन्यात मला थांबवून सांगितलं, "बेटा, हमारी छत रोती है रातभर. देखो जरा." इमारतीत अशा वाक्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेली घरं मी पाहिली आहेत. वरचा म्हणतो पावसाचं पाणी आहे, खालचा म्हणतो तुमचं आहे, बिल्डर फोन उचलत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सामाईक नळाची आणि पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने, तर सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती सदस्याने दुरुस्त करायची, अशी विभागणी आहे. पण पाणी कुठल्या कलमाखाली येतं, हे आधी शोधावं लागतं.

आमच्या ओळखीचे एक वयस्कर फिटर चाचा आले. त्यांनी मुख्य कॉक बंद केला आणि पाना नळाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. मी बघतच राहिलो. लिव्हरपूलचं नाव त्यांनी कधी ऐकलं नसणार. मिनिटभराने म्हणाले, "नल में कुछ नहीं. ये निकास का पानी है." मग नहाणी ट्रॅपच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवून न्हाणीत दोन इंच पाणी तुंबवलं, कडेला पेन्सिलने खूण केली आणि चोवीस तास तसंच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेवरच होतं आणि खालचा डाग वाढला नव्हता. म्हणजे फरशीचे सांधे धड होते, दोष ट्रॅपच्या खालच्या जोडात होता. तो बदलला. छताचं रडणं थांबलं.

त्यानंतर मी सेन्सर घेतले, आणि घेण्याआधी ते कसे चालतात हे समजून घेतलं. तीन प्रकार आहेत. पहिली ती चकती. तिच्या पोटाला धातूचे दोन ठिपके असतात. मधे पाणी आलं की त्यातून किंचित वीज वाहते आणि घंटा वाजते. स्वस्त आणि भरवशाची, पण पाणी तिच्यापर्यंत पोहोचलं तरच. फरशीखाली झिरपणारं पाणी तिला कळत नाही. खालांच्या छतासारखा दोष ती वरच्या घरात बसून कधीही पकडणार नाही, ती खालीच हवी. पाणचक्कीच्या हौदाखालच्या दालनाचा धडा इथेही लागू पडतो.

दुसरा प्रकार मुख्य नळावर बसणारा. तो प्रवाह मोजतो, घराची सवय शिकतो आणि भलत्या वेळी भलता प्रवाह दिसला की झडप बंद करतो. काही यंत्रं रात्री स्वतःच झडप मिटून नळातला दाब टिकतो का ते बघतात. हे सरळ डीकन यांचं रात्रीचं गणित आहे. फक्त पेन्सिलीऐवजी चिप आली आणि झडपेला बनू मूसांच्या गोळ्याऐवजी मोटर मिळाली. पण ही यंत्रं बनली आहेत ती चोवीस तास दाबाने पाणी येणाऱ्या देशांसाठी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे तिथल्या दहापैकी एका घरात दिवसाला ९० गॅलन, म्हणजे सुमारे ३४० लिटर पाणी गळतं. तिथे अशा यंत्राचे पैसे लवकर वसूल होतात. आमच्याकडे नगरपालिकेच्या नळावर ते लावलं, तर पाणी आलं त्यालाच ते अपघात समजेल.

म्हणून आपल्यासाठी तिसरा प्रकार, टाकीची पातळी सांगणारा. आपल्या घराची खरी नहर गच्चीवरच्या टाकीतून सुरू होते. रात्री सगळे झोपल्यावर पातळी बघायची, फजरला उठल्यावर पुन्हा बघायची. मीटरभर व्यासाच्या टाकीत एक सेंटीमीटर पाणी म्हणजे साधारण आठ लिटर. सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला वीस ते तीस लिटर घालवतो, म्हणजे सहा तासांत टाकी एक सेंटीमीटरही उतरणार नाही. तेवढं पकडायला डोळा आणि कानच हवा. पण फ्लशचा बॉलकॉक अडकला असेल किंवा भिंतीतला जोड सुटला असेल, तर पातळी ठळक उतरलेली दिसते. सेन्सर नसेल तर काठीवर दोन खुणाही पुरतात. पाणी आठ दिवसांनी येणार असेल, तर अर्धी टाकी एका रात्रीत जाणं ही किरकोळ गोष्ट नाही. घरात म्हातारी माणसं आणि लेकरं असतील, तर टँकरवाल्याला फोन करताना ते कळतं.

एक घर कोरडं ठेवायला एवढं पुरतं. मोहल्ला कोरडा ठेवायला पुरत नाही. चकती इशारा देते, फक्त तो ऐकून उठणारा कुणीतरी असावा लागतो. खालांच्या छताचा दोष फिटर चाचांना कळला, कारण ते आले, खाली वाकले आणि त्यांनी कान लावला. शहराच्या नळांवर असा कान लावणारी पदं रिकामी ठेवून नुसती यंत्रांची निविदा काढली, तर पडद्यावर लाल ठिपके वाढतील आणि पाणी रस्त्यावरच वाहील.

मलिक अंबर हा कुणाचा, यावर या शहरात पुष्कळ वाद होतात. हबशी, दख्खनी, मुसलमान, गनिमी काव्याचा उस्ताद, ज्याला जे हवं ते तो घेतो. त्याच्या नहरीला मात्र कुणी वारस नाही. ती बांधणाऱ्याचं नाव आपण पाठ केलं. तोंडातून आत उतरून गाळ काढणाऱ्यांची, मनोऱ्यावर चढून पातळी बघणाऱ्यांची, फुटलेल्या नळाला पुन्हा चुना भरणाऱ्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. नहर शेकडो वर्षं वाहिली ती या माणसांमुळे. आज तिच्या उरलेल्या तुकड्यांसाठी खरी मागणी करायची असेल, तर ती पुतळ्याची किंवा फलकाची नको. जिथे नहर जाते तिथे पाच फूट मोकळी जमीन हवी, आणि महिन्यातून एकदा आत उतरून बघणारा, त्या कामाचा पगार घेणारा एक माणूस हवा.